नेट स्लो वाटतंय? फोन करायच्या आधी राउटरला पिंग मारा

"नेट स्लो आहे, माणूस पाठवा" असे फोन रोज संध्याकाळी येतात, आणि आम्ही नेट देणारे आधी पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायची चाचणी) काढायला सांगतो म्हणून काही जण नाराज होतात, यांना यायचं नाही म्हणून कायतरी कारण सांगतायत असं वाटतं. म्हणून एकदाच नीट लिहून देतोय. कराड-मलकापूर भागात आमची मोजकी माणसं फिरतात, आणि एक माणूस तासभर घालवून तुमच्या घरी आला आणि लाइन व्यवस्थितच निघाली तर तुमचाही दिवस गेला आणि ज्याची फायबर खरंच तुटलीय तो तिकडं ताटकळत बसला.

बरेच ग्राहक आता स्वतःहून पिंगचा स्क्रीनशॉट पाठवतात, याचं खरंच कौतुक आहे. पण त्यातले बहुतेक आम्हाला उपयोगी पडत नाहीत, कारण सगळे थेट गूगलला पिंग मारतात आणि तेही आतल्या खोलीत वायफायवर बसून. त्यात "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" (वेळेत उत्तर आलं नाही) दिसलं तर पॅकेट, म्हणजे तो छोटा संदेश, नेमकं कुठं हरवलं, तुमच्या घरातच, की आमच्या फायबरवर, की पुढं मुंबईच्या बाजूला, हे त्यावरून सांगताच येत नाही. मग आम्ही परत फोन करणार, तुम्ही परत लॅपटॉप उघडणार, यातच अर्धा दिवस जातो. आधी राउटरला पिंग मारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता.

कुठलंही ॲप डाउनलोड करू नका. पिंग १९८३ सालापासून आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यात आधीपासून असतंच. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी टाइप करा, काळी विंडो उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर मारा (सगळं इंग्लिश अक्षरांत आणि आकड्यांत, आयपीकॉन्फिग सलग, मधे स्पेस नाही). "डिफॉल्ट गेटवे" पुढं जो नंबर दिसतो तो तुमचा राउटर, बहुतेकांकडं १९२.१६८.१.१ असतो, स्वतःचा वेगळा राउटर लावला असेल तर दुसरा काही असेल, जो दिसतो तोच घ्यायचा. आता पिंग, स्पेस, तो नंबर, स्पेस, मायनस एन, स्पेस, ५०. मायनस एन ५० दिलं नाही तर विंडोज फक्त ४ पॅकेट पाठवून थांबतं, आणि मधनंच अडकणारं नेट ४ पॅकेटांत सापडत नाही. मॅकवर एनच्या जागी सी.

आता टाइमचे आकडे बघा. केबल लावली असेल तर १ एमएसच्या (मिलिसेकंदाच्या) आसपास यायला पाहिजे, वायफायवर २, ५, फार तर १० आलं तरी चांगलं. पण ३, ४, ४१२, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", परत ५, परत ३८० असं येत असेल तर प्रॉब्लेम तुमचा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधे आहे, आमची लाइन त्यात अजून आलेलीच नाही. अशा वेळी राउटरशेजारी बसून लॅन केबलनं परत काढा. आकडे एकदम सुधारले तर वायफायचाच त्रास आहे हे नक्की. राउटर टीव्हीच्या मागं, कपाटात किंवा फ्रिजच्या वर असेल तर आधी तो मोकळ्या जागी काढा, आणि जवळ बसत असाल तर ५ गीगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. २.४ वाल्याची रेंज लांब जाते पण शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनेलवर असतात.

राउटरचं पिंग स्वच्छ आलं की मगच ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) तसंच ५० वेळा मारा. इथं लॉस (पॅकेट हरवलेली) दिसला तर मात्र विषय आमच्याकडचा किंवा आमच्याही पुढचा आहे, तेव्हा दोन्ही स्क्रीनशॉट एकत्र पाठवा, आम्ही घासाघीस न करता तक्रार लावून घेतो. स्पीड टेस्ट पूर्ण येते आणि तरी मीटिंगमधे आवाज तुटतो म्हणणाऱ्यांचं उत्तरही बहुतेक वेळा इथंच सापडतं, कारण यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधी भरून ठेवतं त्यामुळं दोन-तीन टक्के लॉस जाणवत नाही, व्हिडिओ कॉलमधे मात्र लगेच कळतो. ८.८.८.८ चालतंय पण गूगल डॉट कॉम टाकल्यावर "कुड नॉट फाइंड होस्ट" येतं, तर डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणाऱ्या सोयीची) सेटिंग बघावी लागते, ते आम्ही फोनवरच करून देतो.

ट्रेसर्ट (पॅकेट वाटेत कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) चालवणाऱ्यांसाठी: मधल्या एखाद्या ओळीत तीन स्टार आले म्हणून घाबरू नका. बरेच राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाहीत पण पुढचा ट्रॅफिक नीट नेतात. शेवटची ओळ बरोबर येत असेल तर झालं. काही बँकांच्या साइटही पिंगला उत्तर देत नाहीत, त्यावरून नेट बंद आहे असं धरू नका. आणि गेम खेळणाऱ्यांनी सर्व्हर भारतातला निवडा, अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० एमएसच्या आसपास किंवा जास्त लागतंच, ते अंतर कुठल्याच प्लॅननं कमी होत नाही.

फायबरच्या बॉक्सवर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ फोन करा, फायबरच गेलीय. आणि कुठल्याही परिस्थितीत मागच्या बारीक भोकात पिन घालू नका, त्यानं सगळी सेटिंग उडते.

मोठं घर किंवा दोन मजले असतील तर एका राउटरवर भागत नाही, वरच्या मजल्यापर्यंत लॅन केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (तिथं वायफाय देणारा बॉक्स) आम्ही बसवून देतो, आणि घरून काम करणाऱ्यांनी टेबलापर्यंत एक केबल तरी घ्याच. नेट चांगलं चालू असताना दोन्ही पिंग एकदा काढून फोटो मोबाइलमधे ठेवा. तक्रारीच्या वेळी तो जुना फोटो, नवे दोन स्क्रीनशॉट, वायफाय होतं की केबल, आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक एवढं एकाच मेसेजमधे पाठवलं की माणूस योग्य सामान घेऊनच निघतो.