टीएमएस मापनांची विश्वसनीयता

टीएमएस मापनांची विश्वसनीयता : डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडला, की बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे कवटीखालच्या मेंदूत प्रवाह प्रवर्तित होतो आणि तेथील चेतापेशी उद्दीपित होतात. या तंत्राला ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, म्हणतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते माणसाच्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागावर, वापरून दाखवले. तीच व्यक्ती, तेच यंत्र आणि तीच कृती ठेवून मोजणी पुन्हा केली, तर आकडा कितपत तोच येतो, हा विश्वसनीयतेचा प्रश्न. आकडा जे सांगतो असे आपण मानतो तेच तो सांगतो का, हा वैधतेचा प्रश्न वेगळा आहे. एखादे माप अत्यंत विश्वसनीय असूनही भलतेच काही मोजत असू शकते.

बहुतेक प्रयोगांत अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील लहान स्नायूवर पृष्ठभागीय इलेक्ट्रोड लावतात : एक स्नायूच्या फुगीर भागावर, दुसरा तर्जनीच्या सांध्यावर. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर, मध्यरेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, मूठ मागे व बाहेरच्या बाजूला ठेवून धरतात. कॉइलमधून एक स्पंद (क्षणिक चुंबकीय झटका) दिल्यावर २० मिलिसेकंदांच्या आसपास स्नायूत विद्युत प्रतिसाद उमटतो. त्याला मोटर इव्होक्ड पोटेन्शियल, थोडक्यात एमईपी, म्हणतात. शिखरापासून दरीपर्यंतची त्याची उंची हे या क्षेत्रातील मूळ माप होय. दहापैकी किमान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून मोठा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी तीव्रता म्हणजे विश्रांतीतील थ्रेशोल्ड. तो यंत्राच्या कमाल क्षमतेच्या टक्केवारीत सांगतात. त्यामुळे एका बनावटीच्या यंत्रावरचे ४५ टक्के आणि दुसऱ्यावरचे ४५ टक्के यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. स्पंद एककलीय (प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने) की द्विकलीय (प्रवाह उलटसुलट दोन्ही दिशांनी), यानेही थ्रेशोल्ड बदलतो.

यांपैकी थ्रेशोल्ड सर्वांत भरवशाचा. एमईपीची उंची मात्र कुप्रसिद्ध आहे. थ्रेशोल्डच्या १२० टक्के तीव्रता कायम ठेवूनही लागोपाठच्या दोन स्पंदांना अनेक पटींनी लहानमोठे प्रतिसाद येणे नेहमीचेच. याचा दोष सहसा कॉइल धरणाऱ्याच्या हाताला दिला जातो आणि तो अंशतःच खरा आहे. कॉर्टेक्स व मेरुरज्जूतील चेतापेशींची उत्तेजनशीलता क्षणोक्षणी वरखाली होत असते. शिवाय एका स्पंदातून मेरुरज्जूकडे उद्दीपनाच्या लाटांमागून लाटा उतरतात, मोटर युनिटे (एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील स्नायुतंतू) एकाच वेळी पेटत नाहीत, आणि एकाचा धन भाग दुसऱ्याच्या ऋण भागाला खाऊन टाकतो. मॅजिस्ट्रिस व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्रिस्पंद तंत्राने दाखवले, की प्रतिसाद लहान व अस्थिर दिसण्यात या विस्कळीतपणाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच कॉइलची डोक्यावरील जागा दाखवणाऱ्या नेव्हिगेशन यंत्रणेने कॉइल जागच्या जागी राहिली, तरी उंचीतले चढउतार उरतातच.

हाताने टाळता येणाऱ्या चुका तरीही टाळायला हव्यात. स्नायू नकळत किंचित आवळला गेला, तर प्रतिसाद लगेच मोठा होतो. त्यामुळे स्पंदाआधीच्या सुमारे १०० मिलिसेकंदांतील स्नायुविद्युत तपासून हालचाल असलेल्या नोंदी वगळतात. वगळण्याचा निकष आधी ठरवावा, निकाल पाहून नव्हे. सुरुवातीचे एकदोन प्रतिसाद बहुधा इतरांपेक्षा मोठे येतात, तेही सोडून देतात. दोन स्पंदांत निदान ५ सेकंदांचे आणि थोडेफार बदलते अंतर ठेवतात, म्हणजे सहभागी व्यक्ती पुढच्या स्पंदाची वाट पाहून ताठरत नाही. झोप, चहा-कॉफी, औषधे, मासिक पाळी व दिवसाची वेळ यांची नोंद ठेवावी. केशरचनाही विसरू नये : पहिल्या भेटीत मोकळे केस आणि दुसऱ्या भेटीत जाड अंबाडा असेल, तर कॉइल काही मिलिमीटर वर उचलली जाते आणि तेवढ्यानेही थ्रेशोल्ड वाढतो.

किती स्पंद पुरेत? जुन्या अभ्यासांत पाच ते दहांवर भागवलेले आढळते. आजचा सर्वसाधारण कल प्रत्येक स्थितीसाठी २० ते ३० असा आहे. सरासरीतील यादृच्छिक त्रुटी संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे त्रुटी निम्मी करायला स्पंद चौपट लागतात. मात्र स्पंद वाढवून एका बैठकीतील गोंगाटच कमी होतो, सोमवारची व्यक्ती आणि गुरुवारची व्यक्ती यांतला फरक नव्हे. उंचीचे वितरण एका बाजूला कललेले असल्याने लॉगरिदम घेऊन विश्लेषण करणे बरे.

विश्वसनीयता सांगण्यासाठी वर्गांतर्गत सहसंबंध गुणक, म्हणजे आयसीसी, वापरतात. ०.५ पेक्षा कमी म्हणजे कमकुवत, ०.७५ ते ०.९ चांगला, ०.९ च्या वर उत्तम, अशी प्रचलित वाटणी आहे. साधा पिअरसन गुणक येथे चालत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच आकडे दुप्पट आले तरी तो १ दाखवील. आयसीसीचेही अनेक प्रकार आहेत; चाचणी-पुनर्चाचणीसाठी निरपेक्ष जुळणी मोजणारा प्रकार हवा, आणि कोणता वापरला ते लिहायला हवे. आयसीसी नमुन्यातील माणसामाणसांमधल्या फरकावरही अवलंबून असतो. एकाच वयाच्या वीस निरोगी विद्यार्थ्यांत तो कमी दिसेल, त्यांत पक्षाघाताचे रुग्ण मिसळले की तोच वाढेल. मोजणी मात्र तसूभरही सुधारलेली नसेल.

म्हणून मूळ एककातील त्रुटी अधिक कामाची. प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचे माप) (१ – आयसीसी) च्या वर्गमुळाने गुणले की मापनाची प्रमाण त्रुटी मिळते, तिला २.७७ ने गुणले की एका व्यक्तीत खरा मानता येईल असा किमान बदल मिळतो. थ्रेशोल्डचे प्रमाण विचलन ८ आणि आयसीसी ०.९५ धरला, तर हा बदल सुमारे ५ टक्के-बिंदू येतो. आता जोडस्पंदी अवरोधाकडे पाहू. कुजिराई व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत थ्रेशोल्डखालचा पहिला स्पंद दिल्यावर २ ते ३ मिलिसेकंदांनी दुसरा देतात आणि घटलेला प्रतिसाद एकट्या स्पंदाच्या प्रतिसादाच्या टक्केवारीत मांडतात. दोन गोंगाटी राशींचे हे गुणोत्तर असल्याने त्रुटी वाढतेच. उदाहरणादाखल विचलन २५ आणि आयसीसी ०.६ घेतला, तर किमान बदल ४४ टक्के-बिंदूंच्या जवळ जातो. १६ जणांच्या गटाच्या सरासरीसाठी तो ११ वर उतरतो. म्हणजे हे माप गटांच्या अभ्यासाला चालेल, पण एकट्या रुग्णाबद्दल निर्णय घ्यायला नाही. शिवाय पहिला स्पंद थोडा जास्त तीव्र झाला, तर याच अंतरावर असलेले सुलभन, म्हणजे प्रतिसाद वाढवणारा उलट परिणाम, अवरोधात मिसळते.

मेंदूत बदल घडवणाऱ्या पद्धतींना या गोंगाटाचा खरा फटका बसतो. २००५ मध्ये हुआंग व सहकाऱ्यांनी थीटा-बर्स्ट पद्धत मांडली : ५० हर्ट्‌झचे तीन-तीन स्पंद, सेकंदाला पाच वेळा, सलग दिले तर ६०० स्पंद ४० सेकंदांत संपतात आणि प्रतिसाद घटणे अपेक्षित असते, खंडित दिले तर वाढणे. २०१३ मध्ये हमादा व सहकाऱ्यांना पन्नासहून अधिक व्यक्तींच्या गटात सरासरी परिणाम दिसलाच नाही. दोन्ही प्रकारांना अपेक्षित दिशेने प्रतिसाद देणारे जेमतेम चौथा हिस्सा होते. अनेक अभ्यासक यावरून लोकांची ‘प्रतिसाद देणारे’ आणि ‘न देणारे’ अशी विभागणी करतात. ती वाटणी एकाच बैठकीवर केली असेल, तर तिला फारसा आधार नाही. ज्यांची आधीची नोंद योगायोगाने लहान आली त्यांची नंतरची सरासरीकडे सरकून मोठी येते, आणि उद्दीपन न करताही ते प्रतिसाद देणाऱ्यांत मोजले जातात. हे ओळखायचे तर आधीची नोंद किमान दोनदा घ्यावी, खोट्या उद्दीपनाची (मेंदूवर प्रत्यक्ष परिणाम न करणारी) बैठक ठेवावी आणि त्याच व्यक्तीवर तोच प्रयोग वेगळ्या दिवशी पुन्हा करावा.