गोळीच्या धक्क्याने हत्ती आडवा होतो?

‘मोठ्या बोअरची (जाड नळीची) रायफल घ्या, धक्क्यानेच जनावर कोसळतं,’ हे आफ्रिकेतल्या शिकारकथांनी रुजवलेलं ठाम मत. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. हत्तीच्या शिकारीसाठीच्या .600 नायट्रो एक्सप्रेस या जाडजूड काडतुसाची गोळी 900 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 58 ग्रॅम, आणि वेग सेकंदाला सुमारे 600 मीटर. पाच टनांच्या हत्तीला तिच्या रेट्याने मिळणारा वेग सेकंदाला एक सेंटीमीटरही भरत नाही. शिवाय तेवढाच रेटा, किंबहुना थोडा जास्तच, बंदूकवाल्याच्या खांद्याला बसतो. तो कुठे उडून पडतो?

हत्ती कोसळतो तो मेंदू किंवा मणका फुटला म्हणून. स्कॉटिश शिकारी ‘करामोजो’ बेलने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक 7 मिलिमीटरच्या छोट्या रिग्बी रायफलने. (आज वाचताना अंगावर काटा येतो, ते असो.) त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदूची नेमकी जागा पाहिली होती. गोळीही आदळल्यावर न पसरणारी, पूर्ण धातूच्या कवचाची. ती हाडातून सरळ आत घुसायची.

म्हणून लहान रायफल पुरते असंही नाही. बेल निवांत, बेसावध जनावर निवडायचा. झुडपातून जखमी रेडा अंगावर आला, की जड गोळीची खोल, रुंद जखम कामी येते. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी अशा मोठ्या जनावरांसाठी .375 (इंचांत गोळीची जाडी) ही किमान मर्यादा ठेवली, ती यासाठीच.