जानलुका व्हियाली

व्हियाली, जानलुका : (९ जुलै १९६४ – ६ जानेवारी २०२३). इटलीचा आघाडीचा फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. जन्म क्रेमोना येथे, सधन कुटुंबात. गावच्या क्रेमोनेझे क्लबकडून कारकीर्द सुरू करून १९८४ मध्ये तो जेनोआच्या सांपदोरियात आला. तिथे रोबेर्तो मान्चिनीशी त्याची अशी जोडी जमली की इटलीत दोघांना ‘गोलचे जुळे’ म्हणू लागले. मान्चिनीने पास काढावा, व्हियालीने तो जाळ्यात धाडावा, हे तिथे नेहमीचेच झाले. १९९० च्या कप विनर्स कपच्या (युरोपातील देशोदेशीच्या कप विजेत्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात अँडरलेख्टविरुद्धचे दोन्ही गोल व्हियालीचे होते. १९९०-९१ मध्ये त्याने १९ गोल केले आणि सांपदोरियाने इटालियन लीग जिंकली. क्लबचे आजवरचे ते एकमेव विजेतेपद.

पुढच्याच वर्षी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध त्याने चांगल्या संधी दवडल्या. जादा वेळेत त्याला बदलण्यात आले. काही मिनिटांनी बार्सिलोनाच्या कूमनच्या फ्री किकने सामना हातचा गेला, तेव्हा तो मैदानाबाहेर बसून होता. सांपदोरियाकडून तो त्याचा शेवटचा सामना. तिथून विक्रमी रकमेला तो युव्हेंटसमध्ये गेला आणि १९९६ मध्ये कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीग उंचावूनच त्याने इटली सोडली.

लंडनच्या चेल्सी क्लबात तो खेळाडू म्हणून आला होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रशिक्षक रूड खुलिटला काढून क्लबने अचानक संघ त्याच्या हाती दिला. वय ३३, प्रशिक्षणाचा अनुभव शून्य, आणि कालपर्यंतचे सहकारी आज हाताखाली. पहिलाच सामना आर्सेनलविरुद्ध लीग कपच्या उपांत्य फेरीचा, तोही पहिल्या लढतीतली पिछाडी भरून काढायची होती. सामन्याआधी त्याने ड्रेसिंग रूममध्ये सर्वांना शॅम्पेन दिली. चेल्सी ३-१ ने जिंकली आणि पुढे कपही घेतला. मे महिन्यात स्टॉकहोमला कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात तो स्वतः मैदानात होता आणि दुखापतीतून सावरणारा संघातला आघाडीचा खेळाडू झोला बाकावर. ७१ व्या मिनिटाला झोला आत आला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत त्याने श्टुटगार्टविरुद्धचा एकमेव गोल केला. खेळता खेळता संघ चालवणारा ‘प्लेयर-मॅनेजर’ आता मोठ्या क्लबांत दिसत नाही. त्यातली ही फार देखणी कामगिरी म्हणावी लागेल.

२६ डिसेंबर १९९९ रोजी साउदम्प्टनविरुद्ध त्याने उतरवलेल्या अकरांत एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता. इंग्लिश लीगमध्ये असे पहिल्यांदाच घडले आणि बराच गहजब झाला. वर्षभरात जुन्या वेम्बलीवरचा शेवटचा एफए कप अंतिम सामनाही चेल्सीने जिंकला. तरीही सप्टेंबर २००० मध्ये, हंगामाच्या सुरुवातीलाच, त्याला हटवले. नंतरचा वॉटफर्डमधला एक हंगाम निष्फळ ठरला आणि क्लब प्रशिक्षकाचे काम तिथेच संपले.

२०१८ मध्ये त्याने आपल्या कर्करोगाची माहिती जाहीर केली. पुढच्या वर्षी मान्चिनी प्रशिक्षक असलेल्या इटलीच्या संघाचा तो पथकप्रमुख झाला. ११ जुलै २०२१ रोजी, जुने मैदान पाडून त्याच जागी उभारलेल्या वेम्बलीवर, इटलीने इंग्लंडला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरो जिंकला. सामना संपताच हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. १९९२ मध्ये याच ठिकाणी दोघे एकत्र हरले होते.

दीड वर्षाने लंडन येथे त्याचे निधन झाले.