मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांवरील धार्मिक वाद

लहान मुलांच्या कार्यक्रमातील एखादे दृश्य, पात्र, चिन्ह किंवा कथासूत्र यामुळे धर्मभावना दुखावल्याची तक्रार होऊन उद्भवणारे वाद. 'साउथ पार्क'सारख्या मालिका कार्टून असल्यामुळे मुलांच्या समजल्या जातात. पण त्या प्रौढांसाठी आहेत आणि धर्माची टर उडवणे हा तिथे उघड हेतू असतो. मुलांच्या कार्यक्रमांत असा हेतू क्वचितच आढळतो. तिथे ठिणगी पडते ती बहुधा अज्ञानातून किंवा मोठ्यांना वाटणाऱ्या धास्तीतून.

अज्ञानाचे ठळक उदाहरण 'फायरमन सॅम' या ब्रिटिश मालिकेचे आहे. तिच्या एका भागात एल्व्हिस हा अग्निशमन दलाचा जवान चहाचा ट्रे घेऊन येताना जमिनीवरच्या कागदांवरून घसरतो. कागद उडतात आणि एका पानावर क्षणभर अरबी मजकूर दिसतो. तो मजकूर कुराणातील 'अल-मुल्क' या ६७ व्या सूरेचा (अध्यायाचा) असल्याचे २०१६ मध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आले. मालिकेची मालकी असलेल्या मॅटेल कंपनीने माफी मागितली. ॲनिमेशन स्टुडिओतील कोणीतरी तो निरर्थक मजकूर समजून वापरला असावा, असे तिने सांगितले आणि त्या स्टुडिओबरोबरचे काम थांबवले. ब्रिटनमधील चॅनल फाइव्ह या वाहिनीने तो भाग काढून टाकला. ज्या ग्रंथाला हात लावण्याआधी श्रद्धावान मुसलमान वुझू, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन शुद्धी, करतो, त्याचे पान पायाखाली दिसल्यावर होणारी वेदना खरी असते. चित्रकाराच्या मनात काही वावगे नव्हते, एवढ्याने ती कमी होत नाही.

किशोरांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या जपानी चित्रकथेच्या व्हिडिओ आवृत्तीत खलनायकाच्या हातातील पुस्तकात असाच कुराणाचा मजकूर दिसला होता. २००८ मध्ये प्रकाशक शुएइशा आणि निर्माता स्टुडिओ यांनी माफी मागून वितरण थांबवले. दोन्ही प्रसंगांत मूळ कारण एकच: चौकटीतली रिकामी जागा भरण्यासाठी न वाचता येणाऱ्या लिपीतला मजकूर उचलला गेला आणि ती लिपी जाणणाऱ्या कोणाच्याही नजरेखालून तो गेला नाही. हा दोष टाळणे अवघड नाही, म्हणूनच तो अक्षम्य वाटतो.

चिन्हांचे तसे नाही. एकच चिन्ह दोन समाजांत परस्परविरुद्ध अर्थ बाळगून असते. पोकेमॉन मालिकेशी निगडित एका जपानी खेळण्याच्या पत्त्यावर (कार्डावर) मांजी, म्हणजे बौद्ध परंपरेतील स्वस्तिक, छापलेले होते. जपानमध्ये ते देवळाचे चिन्ह; ज्यू समाजाला मात्र त्यात नाझी अत्याचार आठवले. १९९९ मध्ये ज्यू संघटनांच्या तक्रारीनंतर निन्टेंडोने तो पत्ता बंद केला.

दुसरा मोठा गट जादू आणि अलौकिक शक्तींविषयीच्या आक्षेपांचा. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही इव्हँजेलिकल (कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती) प्रचारकांना 'ही-मॅन' आणि 'स्मर्फ्स' या कार्टून मालिकांत सैतानी विद्या दिसली. पुढे पोकेमॉनवरही तसाच रोख वळला. सौदी अरेबियाने २००१ मध्ये पोकेमॉनचे पत्ते व खेळ यांवर बंदी घातली. जुगाराशी साम्य आणि आक्षेपार्ह चिन्हे ही कारणे देण्यात आली. याउलट इटलीतील कॅथलिक बिशपांच्या सॅट२००० या वाहिनीने २००० मध्ये पोकेमॉनची स्तुती केली होती. कार्यक्रम तोच, पण धर्मसंस्थांचे मत इतके वेगळे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

'टेलिटबीज' या ब्रिटिश बालकार्यक्रमावरील आक्षेप नैतिक स्वरूपाचा होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या नियतकालिकाने जांभळा रंग, त्रिकोणी अँटेना आणि हातातली पिशवी यांना समलिंगी ओळखीच्या खुणा मानून टिंकी विंकी हे पात्र समलिंगी असल्याचा इशारा पालकांना दिला. २००७ मध्ये पोलंडच्या बालहक्क अधिकाऱ्याने हाच विषय तज्ज्ञांकडे नेण्याचे सूतोवाच केले आणि नंतर माघार घेतली. एकाही मुलाला त्या पिशवीत काही वावगे दिसले असेल, असे मानायला कोणताही आधार नाही.

धर्म वगळल्यामुळेही वाद झाले आहेत. 'व्हेजीटेल्स' ही ख्रिस्ती शिकवण देणारी मालिका २००६ मध्ये एनबीसी वाहिनीवर आली, तेव्हा देवाचे काही उल्लेख कापण्यात आले. श्रद्धाळू प्रेक्षकांना हा कार्यक्रमाचा गाभाच काढून घेणे वाटले, आणि ते रास्तच होते.

देवतांचे चित्रण कोणी करावे, हा प्रश्न युगो साको यांच्या रामायणावरील ॲनिमेशनपटाने पुढे आणला. १९८३ मध्ये साको रामायणाविषयी माहितीपट करत असताना गैरसमजातून विश्व हिंदू परिषदेने निषेध नोंदवला होता. पुढे राम मोहन यांच्यासारख्या भारतीय ॲनिमेटरच्या सहभागाने ॲनिमेशनपट पूर्ण झाला आणि दूरचित्रवाणीवरून भारतातील मुलांच्या आवडीचा ठरला.

बहुतेक देशांत मुलांच्या कार्यक्रमांतील धर्मचित्रणासाठी वेगळा कायदा नसून प्रसारणाचे सर्वसाधारण नियमच लागू होतात. भारतात केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सहावा नियम धर्मावर हल्ला करणारी किंवा धार्मिक समूहांची अवहेलना करणारी दृश्ये व शब्द यांना मनाई करतो. मुलांच्या कार्यक्रमांविषयीचे त्यातील कलम मात्र अभद्र भाषा आणि हिंसेची उघड दृश्ये यांपुरते आहे. फायरमन सॅम, जोजो आणि मांजीचा पत्ता या तिन्ही प्रकरणांत कंपन्यांनी स्वतःच माघार घेतली.