बंड्याचा डबा, वॉचमनच्या केबिनमध्ये

मे महिन्यातली दुपार. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमनकाकांच्या टेबलाखाली थर्माकोलचा एक खोका पडला होता. खोक्यात आमच्या कुत्र्याचं, बंड्याचं, आठवड्याचं जेवण होतं. शिजवलेलं चिकन, भात, भोपळा आणि गाजर एकत्र कालवून सपाट पाकिटांत सील केलेलं. डिलिव्हरीचा मेसेज बारा वाजून दहा मिनिटांचा आणि मी ऑफिसातून परतले साडेचारला. निळ्या जेलच्या पिशव्या हाताला कोमट लागत होत्या. वर येऊन टोचायचा थर्मामीटर दोन पाकिटांच्या मध्ये सरकवला, तर २४ अंश.

सासूबाईंनी एक पाकीट कापून वास घेतला. “चांगलं आहे की गं. उगाच टाकू नकोस.” बंड्या तर आधीच भांड्यापाशी जाऊन बसला होता. वॉचमनकाकांचं म्हणणं, घरी नको असेल तर गेटवरच्या कुत्र्यांना घाला.

मी सगळं टाकलं. गेटवरच्या कुत्र्यांनाही दिलं नाही, कारण त्यांचं पोट काही वेगळ्या कारखान्यात बनलेलं नसतं.

कुत्र्याचं कोरडं खाणं आपल्या पापडासारखं असतं. पापड डब्यात वर्षभर राहतो, पण सकाळचं वरण उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतं. कोरड्या दाण्यांत पाणी साधारण १० टक्के असतं, तर ताज्या शिजवलेल्या खाण्यात ७० टक्क्यांच्या आसपास. त्यातही पाणी एकूण किती, यापेक्षा जंतूंच्या वाट्याला किती मोकळं आहे, हे महत्त्वाचं. हे मोकळं पाणी शास्त्रज्ञ शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात. निव्वळ पाणी म्हणजे १. ताजं मांस ०.९९ च्या जवळ जातं. ०.६ च्या खाली कुठलाच जंतू किंवा बुरशी वाढू शकत नाही. कोरडं खाणं साधारण त्या हद्दीत असतं, म्हणून पिशवीचं तोंड घट्ट बांधून ठेवलं की पुरतं. (पावसाळ्यात तेही सादळतं, पण तो निराळा विषय.) ताज्या खाण्याला मात्र एकच राखणदार असतो, तो म्हणजे थंडी.

ही थंडी जंतूंना मारत नाही, त्यांचा वेग कमी करते. ४ ते ६० अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा, आणि ३० ते ४० अंश तर बऱ्याच रोगजंतूंना फारच मानवतात. म्हणजे आपली मे महिन्यातली खोलीच. सगळं मनासारखं जुळून आलं तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४०९६. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यांना जम बसवायला थोडा वेळ लागतो, आणि खोक्यातला बर्फ टिकला तेवढा वेळ तर वाढ जवळपास थांबलेलीच असणार. पण बर्फ नक्की कधी संपला, हे कोण सांगणार? म्हणून नियम कडक आहे: नाशिवंत खाणं बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नियम अमेरिकेतला आहे. तिथल्या पुष्कळ भागांत ३२ अंश म्हणजे उन्हाळ्यातले काही दिवस. ठाण्यात मार्चपासून जूनपर्यंत दुपारचा ओटा तेवढा तापतोच. तेव्हा आमच्या घरी दोन तासांची सवलत नाही, एकच तास. आणि तो तुकड्यातुकड्यांनी खर्च होतो. केबिनमधली वीस मिनिटं, फोनवर बोलत ओट्यावर विसरलेली पंधरा, बंड्याने तोंड न लावलेल्या भांड्यातली अर्धा तास, ही सगळी बेरजेत धरायची.

वासाचं काय? आंबूस, कुजका वास आणि तार सुटणं हे काम मुख्यतः नासवणाऱ्या जंतूंचं. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया या रोगजंतूंना वास नसतो, रंग नसतो. वास आला तर टाकायचं हे बरोबर, पण वास आला नाही म्हणून चांगलं, हे उलटं गणित चुकतं.

लिस्टेरिया हा त्यातला लबाड. १९२६ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेतले ससे आणि गिनीपिग मरू लागले तेव्हा शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा नीट ओळखला. पुढे त्याला जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाचं नाव मिळालं. साल्मोनेलाची वाढ ५ ते ७ अंशांखाली थांबते, हा मात्र शून्याच्या जवळपासही सावकाश वाढत राहतो. म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेलं पाकीट उघडलं की ते तीन-चार दिवसांत संपवायचं. पाकिटावर त्याहून कमी मुदत छापली असेल तर ती पाळायची. मी पाकिटावर मार्करने तारीख लिहिते. सासूबाईंना ते हॉस्पिटलसारखं वाटतं.

फ्रीज किती थंड आहे हे त्याच्या बटणावरून कळत नाही. मी एका रात्री तीन पेले पाणी ठेवलं आणि सकाळी थर्मामीटर बुडवून पाहिला. फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये २ अंश, मधल्या कप्प्यात ५, आणि दारात ९. बंड्याचं उघडं पाकीट महिनाभर दारात, सॉसच्या बाटलीशेजारी उभं होतं! दार दिवसातून पन्नासदा उघडतं, तेव्हा दुसरं काय होणार. आता ते आत, मागच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात असतं. कच्चं मांस असेल तर सगळ्यात खाली, ताटलीत, म्हणजे गळलं तरी कोथिंबिरीवर नाही.

फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना वाढ पूर्ण थांबते, पण जंतू जिवंत राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एक घरातली मांजर बर्ड फ्लूने मेली. विषाणू तिच्या गोठवलेल्या कच्च्या खाण्यात सापडला. गोठवण्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं. म्हणूनच गोठलेलं पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं. ओट्यावर ठेवलं तर मधला गोळा बर्फ असतानाच कडा तासाभरात खोलीइतक्या कोमट होतात. घाई असेल तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवायचं.

कुत्र्याचं जेवण घरी शिजवणाऱ्यांची गोची निराळी. (कांदा-लसूण अजिबात नाही. त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.) चिकन-भाताची खिचडी कुकरमधून काढली, पातेल्यातच झाकून ठेवली, “गार झाली की फ्रीजमध्ये ठेवू.” आपल्याकडे गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवणं पापच. पण उकळीने सगळं मरत नाही. काही जिवाणू बीजाणू करून, म्हणजे कवचात निपचित पडून राहतात, आणि खिचडी कोमट झाली की जागे होतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा ४३ ते ४५ अंशांना दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. भातातल्या बॅसिलस सिरियसचं एक विष तर पुन्हा उकळलं तरी नष्ट होत नाही.

शिजलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि पुढच्या चार तासांत ४ अंशांवर यायला हवं. आता ठाण्यातल्या कुठल्या ओट्यावर काही २१ अंशांना येणार? जाड खिचडीत पाण्यासारखी उलथापालथ होत नाही, उष्णता आतून बाहेर झिरपत येते. आणि जाडी दुप्पट झाली की वेळ ढोबळमानाने चौपट लागतो. बारा सेंटिमीटर खोल पातेल्यातली खिचडी परातीत तीन सेंटिमीटर पसरली, तर गार व्हायला सोळाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ पुरतो. परात बर्फाच्या पाण्यात टेकवायची, वाफ गेली की उथळ डब्यांत भरून थेट फ्रीजमध्ये. नव्या फ्रीजना एवढं झेपतं.

कुत्र्याचं जठर चांगलंच आम्लधर्मी, बंड्या कचऱ्याच्या कुंडीतूनही सुखरूप परत येतो, मग एवढा सोस कशाला? एक तर त्यालाही उलट्या-जुलाब होतातच. शिवाय काहीही लक्षण न दाखवता कुत्रा विष्ठेतून साल्मोनेला दिवसच्या दिवस पसरवू शकतो. आणि तोच बंड्या सासूबाईंचे हात चाटतो, शेजारच्या गरोदर मुलीच्या मांडीवर डोकं ठेवतो. लिस्टेरिया गरोदरपणात आणि म्हातारपणात जिवावर बेततो. बंड्याच्या भांड्याला आतून जो बुळबुळीत थर येतो ती जंतूंची वसाहतच असते. नुसतं विसळून ती जात नाही, साबण आणि घासणी लागते. दर जेवणानंतर.

गणपतीत आम्ही चिपळूणला गेलो, बंड्यासकट. निघण्याआधी मी वाटीभर पाण्याचा बर्फ केला, वर रुपयाचं नाणं ठेवलं आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून दिली. सासूबाईंनी फक्त कपाळाला हात लावला. नऊ दिवसांनी परतलो. फ्रीजच्या आकड्यांत उणे १८, पाकिटं दगडासारखी, सगळं जिथल्या तिथे. समोरच्यांनी सांगितलं, आमच्या विंगला मध्ये दीड दिवस वीज नव्हती. भरलेला फ्रीझर दार न उघडता ४८ तास तग धरतो, अर्धा रिकामा असला तर २४, आणि आमचा अर्धा रिकामाच होता.

सासूबाईंनी वाटी काढली, दिव्याखाली धरली, तिरकी करून पाहिली. “रुपया तळाला गेला गं,” त्या म्हणाल्या, आणि ओल्या कचऱ्याची पिशवी आणायला स्वतःच उठल्या.