हिवाळी सेन्सरी संच घरी नेल्यावर: पहिले दहा दिवस

आमच्याकडून हिवाळी सेन्सरी संच, म्हणजे स्पर्शाच्या खेळासाठी ज्वारी, तीळ, कापूस, चादरीचा तुकडा आणि टॉवेल असलेला डबा, नेणाऱ्या पालकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आपले मूल स्वमग्न आहे, काही स्पर्श व आवाज त्याला सोसत नाहीत आणि काही ते स्वतःहून शोधत असते, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. त्यामुळे ते येथे पुन्हा सांगत नाही. मात्र दर डिसेंबरात एकच तक्रार येते, की मूल डब्याला हातच लावत नाही, तेव्हा संच बदलून द्यावा. चौकशी केली की बहुधा असे कळते, की पहिल्याच संध्याकाळी मुलाचे मनगट धरून त्याचा हात ज्वारीत घातला गेला होता.

यामागची माया आम्हाला कळते; एकदा हात लागला की भीती जाईल, असे कोणालाही वाटते. परंतु आपण होऊन केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने करवलेला स्पर्श मेंदूला सारखे वाटत नाहीत. मूल स्वतः बोट पुढे नेते, तेव्हा काय जाणवणार याचा अंदाज त्याला आधीच आलेला असतो आणि नको वाटले तर बोट मागे घेणे त्याच्या हातात असते. हात ओढून नेल्यावर या दोन्ही गोष्टी जातात, आणि ज्याला स्पर्श मुळातच तीव्र जाणवतो त्या मुलाच्या लक्षात ज्वारी राहत नाही, पकडलेले मनगट राहते. त्यानंतर डबा नुसता दिसला तरी ते खोलीबाहेर जाते, आणि ही अढी निघायला कित्येक आठवडे लागतात. अशा वेळी बदलून दिलेला संचही तसाच पडून राहतो.

म्हणून पहिले तीन दिवस डबा उघडून जमिनीवर ठेवावा आणि आपणच शेजारी बसून खेळावे. ज्वारी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतावी, मुलाला "बघ, बघ" म्हणू नये. ते लांबून पाहून निघून गेले, तर तो त्या दिवसाचा खेळ झाला असे समजावे. पुढे लाकडी पळी त्याच्या हाताजवळ ठेवावी. पळीमुळे त्वचा आणि धान्य यांत अंतर राहते आणि अनेक मुले तेथूनच सुरुवात करतात. बोटे लावून लगेच पुसावीशी वाटली तर पुसू द्यावीत. संचातला टेरी टॉवेल त्यासाठीच आहे, कृपया तो जपून कपाटात ठेवू नये. एका दिवशी संचातली एकच पुडी उघडावी आणि पाच मिनिटे पुरेशी मानावीत. काही मुले याउलट कोपरापर्यंत हात खुपसतात, धान्य उधळतात. त्यांना मोठी परात द्यावी आणि खाली जुनी चादर अंथरावी, म्हणजे रागावण्याची वेळ येत नाही.

संचात बर्फ का नाही, असे काही ग्राहक विचारतात, कारण अशा खेळांच्या इंटरनेटवरील व्हिडिओंत दाढीच्या फेसाचा पांढरा बर्फ दिसतो. फेस डोळ्यांत गेला तर झोंबतो, हे एक कारण आहे. परंतु खरे कारण असे, की सोलापूरच्या मुलाने बर्फ पडताना पाहिलेलाच नसतो. त्याचा हिवाळा म्हणजे हुरडा, बोरे, तीळ, पहाटे गार पडलेली फरशी आणि अंगावरची चादर. म्हणून आम्ही मालदांडी ज्वारी, तीळ, सरकी काढलेला कापूस, खरखरीत चादरीचा तुकडा आणि मऊ टॉवेल असा संच बांधतो. घाट्यांसह हरभऱ्याची डहाळी मात्र बाजारातून ताजीच आणावी. घाटा दाबला की होणारा बारीक आवाज पुष्कळ मुलांना आवडतो. घरच्या बर्फाचा खडा द्यायचा असेल तर दुपारी, टॉवेलात गुंडाळून, मिनिटभरच द्यावा. त्यावर मीठ टाकू नये; मिठाने गारवा शून्याच्याही खाली जाऊन त्वचा भाजते, आणि ज्या मुलाला वेदना कमी जाणवते ते हात मागे घेत नाही.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी आम्ही ठेवत नाही आणि मागणी आली तरी ठेवणार नाही. गिळलेला मणी आतड्यात फुगून अडतो आणि एक्स-रेमध्ये सहज दिसत नाही. अमेरिकेतील मोठ्या दुकानांनीही २०२३ च्या अखेरीस मुलांसाठी त्यांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. ज्वारी आणि हरभरेही नाकात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतात, म्हणून तीन वर्षांखालील मुलाला आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या कोणत्याही वयाच्या मुलाला हे सुटे धान्य देऊ नये. त्यांच्यासाठी पक्क्या शिवणीच्या बंद पिशव्या आम्ही वेगळ्या करून देतो.

संक्रांतीच्या बोरन्हाणाविषयी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. डोक्यावरून अचानक बोरे, चुरमुरे आणि हलवा कोसळणे या मुलांना फार कठीण जाते. त्याऐवजी मुलाला परातीशेजारी बसवावे आणि त्याच्या ओंजळीने त्याच्याच पायांवर हवे तेवढे ओतू द्यावे. औक्षण आणि लूट नेहमीप्रमाणे होतेच. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नेणार असाल, तर ओळखीची ज्वारीची पिशवी मुलाच्या खिशात असू द्यावी आणि शोभेचे दारूकाम लांबूनच दाखवावे.

या खेळाने मूल बोलू लागेल, असे आम्ही सांगत नाही आणि हा संच थेरपीची जागाही घेत नाही. आपला ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) काही वेगळे सुचवत असेल तर तेच करावे.

ज्वारीला ओल लागू देऊ नये, महिन्यातून एकदा कडक ऊन द्यावे, डब्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला घालावा. तरीही कीड लागली तर धान्य टाकून द्यावे; रिकामा डबा आणल्यास नव्या धान्याचेच पैसे घेतले जातात. वरील पद्धतीने दहा दिवस जाऊनही मुलाने डब्याकडे पाहिले नाही, तर संच विनाशंका बदलून देऊ. विकत घेण्यापूर्वी मुलाला दाखवायचा असेल तर आदल्या दिवशी कळवावे. दुपारी दोन ते तीन या वेळेत आम्ही दुकानातला पंखा आणि रेडिओ बंद ठेवतो आणि दुसरे गिऱ्हाईक घेत नाही.