एररशी झटापट कुणी करायची?

एआय हाताशी असला की कोड भराभर लिहून होतो, हे आता सगळे गृहीतच धरतात. एमईटीआर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये ते घड्याळ लावून तपासले. १६ अनुभवी डेव्हलपर (प्रोग्राम लिहिणारे), त्यांच्याच ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांतली २४६ कामे. कोणत्या कामात एआय वापरायला परवानगी आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले. परवानगी असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्या डेव्हलपरना मात्र शेवटपर्यंत वाटत होते की एआयमुळे वेळ सुमारे २० टक्के वाचला!

१६ जणांवरून सगळ्या क्षेत्राबद्दल बोलता येत नाही. छोट्या, सुट्या कामांत वेग वाढल्याचेही प्रयोग आहेत. पण स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज इतका चुकतो, तर 'मला हे समजले' हा अंदाज कितपत खरा?

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याची धडपड हीच स्मरण पक्के करते. वाचताना फक्त ओळख पटते. त्याहून विलक्षण म्हणजे, खात्रीने दिलेले उत्तर चुकले आणि लगेच दुरुस्त झाले, तर ती दुरुस्ती जास्त पक्की बसते. एररचेही तसेच. समजा, लूप (यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम करणारा कोड) शेवटचा घटक का सोडतो? 'तो अॅरेत, म्हणजे त्या यादीत, आलाच नसणार' असे ठामपणे ठरवावे, प्रिंट टाकून यादी पडद्यावर पाहावी, तो तिथे निघावा आणि मग लूपच्या अटीत 'पेक्षा लहान'च्या जागी 'पेक्षा लहान किंवा समान' हवे होते हे दिसावे. त्या क्षणी शिकलेले पक्के बसते. एरर जशीच्या तशी एआयच्या चॅटमध्ये चिकटवली की नेमका तोच क्षण हातचा जातो.

'सहा महिन्यांत प्रोग्रामर लागणारच नाहीत' या भाकितांवर ज्योतिषाइतकाच विश्वास ठेवावा. चुकलेल्या भाकिताचा हिशेब दोन्हीकडे कुणी देत नाही.

एआय जरूर वापरा. एरर आली की आधी आपला अंदाज दोन ओळींत लिहा, मगच विचारा. आणि सीनियर मंडळींनी नवख्यांच्या कोड रिव्ह्यूत (त्यांचा कोड तपासताना) एखाद्या ओळीवर बोट ठेवून 'ही इथे का?' एवढे विचारावे. उत्तर चॅट बंद ठेवून द्यायचे.